सोलापूरची थिएटरे : छपराची आणि बिनछपराची

सोलापूरला येणारा पाहुणा भुईकोट किल्ला पाहतो, सिद्धेश्वराचे तळे पाहतो, आणि जाताना दोन चादरी व शेंगाचटणीचा पुडा पिशवीत घालतो. गिरण्यांचे गाव म्हणून त्याने सोलापूरचे नाव ऐकलेले असते. परंतु हे गाव जितके सुताचे तितकेच सुराचेही आहे, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. दिवसभर मागावर उभे राहिलेल्या माणसाला रात्री दोन घटका गाणे लागते. ते गाणे त्याला कुठे मिळाले, तेथे त्याला आत कोणी येऊ दिले, आणि तो स्वतः रंगमंचावर कधी उभा राहिला, हे पाहण्यासाठी आज आपण या शहराची आणि जिल्ह्याची एक फेरी मारू. वाचकहो, ही फेरी वास्तूंची आहे, तशीच ज्यांच्या नावाची पाटी कुठेच लागली नाही अशा जागांचीही आहे.

शाहिराचे गाव, आगगाडीचे गाव

सोलापूरच्या रंगभूमीची गोष्ट थिएटर बांधण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पेशवाईच्या उत्तरकाळातील प्रसिद्ध शाहीर रामजोशी हे सोलापूरचे. घरात कीर्तन-पुराणाची परंपरा, पण या ब्राह्मण तरुणाचा जीव रमला तमाशाच्या फडात. धोंडी शाहिराच्या संगतीत तो लावणी रचू लागला आणि त्यापायी घराला पारखा झाला. पुढे १९४७ साली त्याच्या आयुष्यावर 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट निघाला आणि महाराष्ट्रभर गाजला. एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. रामजोशीला फडात जाण्यासाठी वरच्या पायरीवरून खाली उतरावे लागले, असे लोक म्हणतात. पण त्या फडात जे ढोलकी-तुणतुणे वाजवीत होते, नाचत आणि गात होते, ते कोण होते? ते गावकुसाबाहेरचे होते. कला त्यांच्याकडे आधीच होती. शाहिराचे नाव राहिले, ढोलकीवाल्याचे गेले. आपल्या रंगभूमीच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

१८६० साली सोलापूरला आगगाडी आली. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड व्हीविंग कंपनी, म्हणजे आपली 'जुनी गिरणी', उभी राहिली. मागाहून लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या आल्या. खेड्यापाड्यांतून माणसे आली. कोणी मराठी, कोणी तेलुगू पद्मशाली, कोणी कन्नड, कोणी उर्दू बोलणारे. दर महिन्याला पगार होणारे गाव म्हटल्यावर करमणुकीचा धंदा तेथे येणारच. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकांचे युग सुरू झाले. नाटक मंडळ्या आपले पडदे, पेट्या, स्वयंपाकी आणि नटसंच घेऊन गावोगाव फिरू लागल्या. रेल्वेच्या रस्त्यावरचे, पैसा खेळता असलेले सोलापूर हे अशा मंडळ्यांच्या मुक्कामाचे गाव होते. शहरात चार भाषांची माणसे असल्यामुळे चार भाषांची गाणीही येथे नांदली. घरात तेलुगू बोलणारा माणूस मराठी नाट्यपद गुणगुणतो आणि मराठी माणूस कन्नड भजनाला टाळ धरतो, ही सोलापूरची जुनी रीत आहे.

या मातीतून कलावंतही निघाले. हिंदी चित्रपटांतील नामवंत अभिनेत्री शशिकला यांचा जन्म सोलापूरचा. 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ सालच्या नाटकात झरिना उभी करणाऱ्या गायिका-अभिनेत्री फैय्याज याही सोलापूरच्याच. कोणाच्या घरात गाणे होते, कोणाच्या गल्लीत होते. शहराने त्यांना कान दिले.

पडद्यापुढचा कामगार

पुढे सिनेमा आला आणि नाटकांच्या मंडळ्या ओसरल्या. सोलापुरात 'टॉकीज' हा शब्द घराघरात गेला. त्यात भागवतांच्या चित्रमंदिराची आठवण प्रत्येक जुन्या सोलापूरकराला आहे. एकाच आवारात एकाहून अधिक पडदे. कला, छाया, मीना, उमा अशी घरातल्या मुलींसारखी त्यांची नावे. आज मॉलमध्ये चार पडदे एकत्र असले की लोकांना नवल वाटते, पण सोलापूरच्या कामगाराला एका फाटकातून आत शिरून 'आज कोणता बघायचा' हे ठरवण्याची सवय फार आधीपासून होती. शहरातील काही चित्रपटगृहांत तेलुगू आणि कन्नड चित्रपटही लागत. साखर पेठेतला विणकर आपल्या भाषेतला नट पाहायला रांगेत उभा राही.

सिनेमाच्या तिकिटाने एक गोष्ट केली. खिडकीवर जात विचारली जात नव्हती, पैसे विचारले जात होते. अर्थात पैशानेही माणसे वेगळी बसवली. वर बाल्कनी, मध्ये स्टॉल, आणि अगदी पडद्यासमोर मान उंच करून बसणारे आमचे लोक. पण अंधार झाला की सगळे सारखेच. खेडेगावात देवळाच्या ओट्यावर चढू न शकलेला माणूस शहरातल्या थिएटरात चार आण्यांच्या तिकिटावर सर्वांच्या बरोबरीने हसू आणि रडू शकत होता. आमच्या वडिलांच्या पिढीला शहराची ओढ का वाटली, त्याची जी अनेक कारणे आहेत, त्यांत हेही एक लहानसे कारण आहे असे मला वाटते.

दार कोणासाठी उघडे ?

थिएटर ही केवळ करमणुकीची जागा नसते हे आपल्या चळवळीइतके दुसऱ्या कोणी ओळखले नसेल. मुंबईत परळला दामोदर हॉल नावाचे नाट्यगृह होते. १९२२ सालचे. गिरणगावातील कामगारांची नाटके तेथे होत. याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली आणि तिच्यातून त्या वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेचे कार्यालयही दामोदर हॉलमध्येच होते. ज्या जागेत कामगार नाटक करीत, त्याच जागेत आपल्या शिक्षणाचा आराखडा तयार झाला.

आणि त्या सभेने आपले पहिले वसतिगृह कोठे काढले? आपल्या सोलापुरात, जानेवारी १९२५ मध्ये. जिवाप्पा ऐदाळे यांनी त्याचा कारभार पाहिला. सोलापूर नगरपालिकेने महिना ४० रुपयांचे साहाय्य दिले. वसतिगृहातील मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालविले. परळच्या एका नाट्यगृहातून निघालेला धागा असा थेट सोलापूरपर्यंत येतो. पुढे जानेवारी १९३८ मध्ये याच सोलापूरच्या नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले.

संविधान लिहिताना ही गोष्ट विसरली गेली नाही. अनुच्छेद १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करता येणार नाही असे म्हटले आहे. त्यात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या बरोबरीने सार्वजनिक करमणुकीच्या जागांचाही स्पष्ट उल्लेख आहे. विहिरीचे पाणी आणि नाटकाचे तिकीट एकाच कलमात! वरवर पाहणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण ज्याला गावच्या तमाशाला दूर उकिरड्याजवळ उभे राहून पाहावे लागले, आणि तेही फडात आपलाच भाऊ ढोलकी वाजवीत असताना, त्याला त्यातला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाण्याने तहान भागते. चारचौघांत बसून हसता आले की माणूस माणूस होतो. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हा कायद्याने अशा जागी अडविणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला.

गड्ड्याच्या मैदानावर

आता बिनछपराच्या थिएटराकडे वळू. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि होम मैदानावर गड्डा लागतो. पाळणे, मौत का कुआँ, जादूचे खेळ, खेळण्यांची दुकाने, भजी आणि रेवड्या. ज्यांना वर्षभर थिएटरचे तोंड दिसत नसे, अशा खेड्यातल्या बायाबापड्यांना जत्रेतल्या कनाती हेच थिएटर होते. जमिनीत खांब रोवायचे, भोवती कापड लावायचे, दारात ढोलकी आणि कर्णा वाजवायचा, की झाले नाट्यगृह तयार.

मोठे तमाशा फड असेच फिरतात. दसऱ्याला त्यांचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यात बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास संपतो. जत्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी पुणे जिल्ह्यातले नारायणगाव प्रसिद्ध आहे. त्या गावाचे नाव ज्यांच्यामुळे दुमदुमले त्या विठाबाई नारायणगावकर जन्मल्या मात्र आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात, १९३५ साली. मातंग समाजातील या कलावतीला दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. पोटुशी असताना फडावर नाचत होत्या, कळा आल्या तेव्हा आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. लोक ती कौतुकाने सांगतात. मला ती ऐकताना कौतुकापेक्षा रागच जास्त येतो. कोणत्याही कामगार बाईला मिळायला हवी ती बाळंतपणाची रजा राष्ट्रपतींचा गौरव मिळविणाऱ्या बाईला मिळाली नाही. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या, त्याही हलाखीत. त्यांच्या मागे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

मोडनिंबची बारी

सोलापूरहून पुण्याकडे जाताना मोहोळ आणि टेंभुर्णी यांच्या मध्ये मोडनिंब लागते. येथील संगीत बारी महाराष्ट्रात नावाजलेली आहे. पुष्कळांना संगीत बारी आणि ढोलकी फडाचा तमाशा यांतला फरक माहीत नसतो. ढोलकी फडात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग असतो, कथा असते, सोंगाड्या असतो, मोठा लवाजमा असतो. संगीत बारीत वग नाही. तेथे लावणी आणि तिची अदा हेच सर्वस्व. पेटी, तबला, ढोलकी आणि चार-सहा गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया मिळून एक पार्टी होते. पार्टीची मालकीण बहुधा बाईच असते आणि तिच्या नावानेच पार्टी ओळखली जाते. एका कलाकेंद्रात अशा अनेक पार्ट्या राहतात, पाळीपाळीने रंगमंचावर येतात, आणि रसिकाने मागणी केली की वेगळी बैठक बसते.

जुनी, बसून करायची, एकेका ओळीला दहा तऱ्हेने अदा करून दाखवायची लावणी ज्या थोड्या ठिकाणी टिकली, त्यांत या बाऱ्यांचा वाटा मोठा आहे. आईने मुलीला, मावशीने भाचीला शिकवीत ती टिकविली. यासाठी त्यांना कोणत्याही विद्यापीठाने पदवी दिली नाही.

आणि तरीही याची दुसरी बाजू आपण झाकून ठेवू नये. करमाळा तालुक्यातील नेर्ले गावी जन्मलेल्या डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचे पोर' १९९४ साली प्रसिद्ध झाले. ज्याला बापाचे नाव लावता आले नाही त्याने आईचे नाव लावले आणि डॉक्टर झाला. लावणीच्या टाळ्यांमागे मुलींची शाळा कशी सुटते, घरातले पुरुष तिच्या कमाईवर कसे बसतात, आणि गावचा प्रतिष्ठित माणूस रात्री येथे येऊन सकाळी तोंड कसे फिरवतो, हे त्यांनी लिहिले. २००७ साली अपघातात ते आपल्यातून गेले.

बाबासाहेबांची भूमिका या बाबतीत कडक होती. महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि आपल्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ती नाकारली, ही हकिकत चळवळीत सर्वश्रुत आहे. याचा अर्थ कलावंतिणीला हलके लेखावे असा कोणी घेऊ नये. नकार बाईला नव्हता, तिला नाचायला भाग पाडणाऱ्या व्यवस्थेला होता. आज मोडनिंबच्या एखाद्या मुलीने लावणी शिकावी की परिचारिकेचा अभ्यासक्रम करावा, हे तिने स्वतः ठरवावे. तिला दोन्ही वाटा मोकळ्या असतील, तेव्हाच लावणी ही खरी कला म्हणता येईल.

वस्तीतला रंगमंच

तमाशाचा साज घेऊन त्यातला विषय बदलण्याचे काम आपल्या माणसांनी केले. आधी सत्यशोधक जलसा होता. १९३० नंतर नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला आणि बघता बघता तो महाराष्ट्रभर पसरला. ढोलकी, पेटी, झांज, तुणतुणे तेच. गवळणीची जागा सभेला निघालेल्या बायांच्या संवादाने घेतली. वगात राजाराणीऐवजी सावकार, तलाठी, दारुडा नवरा आणि शाळेत जाणारा पोरगा आले. स्त्रियांना नाचवायचे नाही म्हणून स्त्रीपात्रेही पुरुषच करीत. गॅसबत्तीच्या उजेडात, पाराखाली किंवा चाळीच्या चौकात, अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला महाडचा आणि काळारामाचा अर्थ असा समजला.

बार्शीच्या मातीनेही असाच एक आवाज दिला. शाहीर अमर शेख यांचा जन्म १९१६ सालचा, बार्शीचा. गिरणीत काम केलेला हा माणूस कामगार चळवळीतून शाहीर झाला. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखांच्या सभा या आवाजाने बांधून ठेवल्या. एक मातंग, एक मुसलमान, आणि रंगमंच एकच! १९६९ साली जुलैमध्ये अण्णा भाऊ आणि ऑगस्टमध्ये अमर शेख गेले.

आणि बिनछपराच्या रंगमंचाचे सर्वांत मोठे उदाहरण नागपूरचे. म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बसविले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेच्या दिवशी त्याचा प्रयोग लाखोंच्या समुदायापुढे झाला. एवढा प्रेक्षक कोणत्या थिएटरात मावला असता?

धर्मांतरानंतर गायनपार्ट्यांचा आणि कव्वालीच्या सामन्यांचा काळ आला. वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही नावे आपल्या घराघरात आहेत. शिंदे घराण्याचे तर आपल्या मंगळवेढ्याशी नाते. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत जयंतीच्या आठवड्यात असा सामना होई. दोन बाजूंना दोन मंच. मंच कसले, चार बाकडी आणि त्यावर सतरंजी. एका पार्टीने तथागतांच्या किंवा बाबासाहेबांच्या चरित्रातला सवाल गाण्यातून टाकायचा, दुसऱ्या पार्टीने त्याला गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब चुकला की म्हाताऱ्या बायासुद्धा ओरडायच्या. बाया मुले मांडीवर झोपवून पहाटेपर्यंत बसत. दुसरी पाळी करून आलेले कामगार डबा हातात धरून तसेच मागे उभे राहत. परिनिर्वाण कोठे झाले, गोलमेज परिषद कोणत्या वर्षी झाली, हे आमच्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या आधी त्या बाकड्यांवरून ऐकले. तिकीट नव्हते. टोपी फिरायची, ज्याला जमेल तो चार पैसे टाकायचा.

आजची सभागृहे

आता पुन्हा शहराच्या मध्यभागी येऊ. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. त्या लढ्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या स्मरणार्थ उभे असलेले हुतात्मा स्मृती मंदिर हे शहराचे मुख्य नाट्यगृह आहे. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या चार माणसांच्या नावाचे नाट्यगृह असणे ही सोलापूरची श्रीमंती आहे. याखेरीज रंगभवन आहे, डॉ. निर्मलकुमार फडकुले यांच्या नावाचे सभागृह आहे. जानेवारी २०२४ मध्ये शंभराव्या मराठी नाट्य संमेलनाचा एक विभागीय सोहळाही सोलापुरात झाला.

या शहराच्या हौशी रंगभूमीने मोठी माणसे दिली. पंढरपुरात जन्मलेले आणि सोलापुरात शिकलेले डॉ. जब्बार पटेल शाळेपासून नाटकात रमले. 'घाशीराम कोतवाल' त्यांनी बसविले, 'सामना' आणि 'सिंहासन' त्यांनी काढले, आणि २००० साली पडद्यावर आलेला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपटही त्यांचाच. बाबासाहेबांच्या भूमिकेसाठी मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अतुल कुलकर्णी यांचे सुरुवातीचे नाटकही सोलापूरचेच. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' आणि २०१६ साली 'सैराट' काढला, तेव्हा ओस पडलेल्या जुन्या चित्रपटगृहांसमोर पुन्हा रांगा लागल्या. वडार समाजातल्या मुलाने आपल्याच गावची भाषा पडद्यावर आणली आणि सारा महाराष्ट्र ती ऐकायला गेला. जी माणसे पूर्वी पडद्यासमोर मान उंच करून बसत, त्यांच्यातलाच एक पडद्यामागे जाऊन उभा राहिला.

जळणाऱ्या वास्तू आणि विझणारे आवाज

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले, १९१५ सालचे. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लोक रस्त्यावर उभे राहून रडले आणि ते योग्यच होते. परळचा दामोदर हॉल नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्या बांधकामासाठी बंद झाला, तेव्हा कलावंतांनी आवाज उठविला. तेही योग्यच. सोलापुरातल्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. जुनी गिरणी १९६० च्या दशकात गेली, लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात. त्यांच्याबरोबर पगाराचा दिवस गेला, आणि पगाराच्या दिवसावर चालणाऱ्या टॉकीजही झिजल्या.

पण चाळीच्या चौकातला सामना बंद पडला, तेव्हा कोणी रडले नाही. तो जळाला नाही आणि पाडलाही गेला नाही. तो नुसता झाला नाही, पुढच्या वर्षीही झाला नाही, आणि मग कोणाच्या लक्षातही राहिले नाही. याची कारणे साधी आहेत. आधी कॅसेट आली. पार्टीला बिदागी देण्यापेक्षा कॅसेट लावणे स्वस्त पडू लागले. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. रात्रभराचा सामना दोन तासांत कसा उरकणार? आणि मग आला डीजे. भिंतीएवढे स्पीकर, छातीत धडकी भरविणारा ठोका, आणि गाण्यातला एकही शब्द कानात शिरत नाही. म्हातारी माणसे खिडक्या लावून बसतात. भाडे मात्र असे की तेवढ्या पैशात एखाद्या शाहिराचे घर काही महिने चालावे.

मी जयंतीच्या आनंदाविरुद्ध नाही. तरुणांनी नाचावे, जरूर नाचावे. परंतु ज्या जागेवर सवाल-जवाब होत होता, तेथे आता फक्त ठोका उरला, तर आपण थिएटरही गमावले आणि शाळाही गमावली.

घरच्या घरी करता येण्याजोगे

यावर सरकारकडे बोट दाखवून गप्प बसण्यापेक्षा काही गोष्टी आपल्या आपण करता येतात. प्रत्येक मंडळाने जयंतीच्या कार्यक्रमांतली एक संध्याकाळ, सात ते दहा, जिवंत गाण्यासाठी राखावी. गायक, पेटीवाला, ढोलकीवाला यांना ठरलेली बिदागी वेळेवर आणि सन्मानाने द्यावी. मुलामुलींचे सवाल-जवाब बसवावेत, आणि या वेळी स्त्रीपात्र मुलींनीच करावे.

दुसरे म्हणजे, पालिकेच्या नाट्यगृहात आपण फक्त सत्कार-समारंभाला जातो. वर्षातून दोन नाटके तरी सहकुटुंब तिकीट काढून पाहावीत. संविधानाने ज्या जागेचे दार आपल्यासाठी उघडले, तेथे आपली खुर्ची रिकामी राहू नये.

आणि तिसरे सर्वांत सोपे, पण सर्वांत तातडीचे. तुमच्या घरात किंवा शेजारी सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. वस्तीत सामना कोणत्या जागी होत असे? पेटीवर कोण बसे? ढोलकी कोणाची होती? बायांपैकी कोण गात असे? नावे लिहा, गाव लिहा, वर्ष आठवत असेल तर तेही लिहा. घरात जुनी हँडबिले, फोटो किंवा गाण्यांच्या वह्या असतील तर रद्दीत देऊ नका. मोबाइलमध्ये त्यांचा आवाज साठवा. हे काम पुढच्या वर्षीवर टाकण्यासारखे नाही, कारण दर वर्षी सांगणारी माणसे कमी होत आहेत.

मोठ्या थिएटरांचा इतिहास लिहायला विद्वान आहेत. चार बाकड्यांच्या थिएटराचा इतिहास मात्र त्या बाकड्यांभोवती बसलेल्या घरांनाच लिहावा लागेल. येत्या रविवारी वहीचे पहिले पान उघडा आणि त्यावर आपल्या वस्तीतल्या ढोलकीवाल्याचे नाव लिहा.